खात्रीशीर अंदाज आणि माझे सासरे

जाहिरातीत छापलेला प्रत्येक शब्द खरा असतो असे मानणारा माणूस या पृथ्वीतलावर आता एकच उरला आहे, आणि तो माझा सासरा आहे. मी स्वतः सांगलीच्या एका दैनिकात जाहिरात विभाग सांभाळतो. म्हणजे ही सोयरीक जुळवताना नियतीने किती बारकाईने विचार केला असेल, ते तुमच्या लक्षात येईल.

सासरे आष्ट्याला राहतात. जन्मभर त्यांनी शाळेत खेळ शिकवले आणि उरलेल्या वेळात कबड्डीचे पंच म्हणून गावोगाव शिट्ट्या वाजवल्या. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, पण पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट आणि समोरच्याचा पाय रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे हे बघणारी नजर, यातले काहीच निवृत्त झालेले नाही. एकदा इस्लामपूरच्या अंतिम सामन्यात त्यांनी आष्ट्याच्याच पोराला बाद दिले. रेषेला लागलेला त्याचा अंगठा मैदानावर फक्त यांनाच दिसला होता. आष्ट्याच्या पोरांनी परतीच्या जीपमध्ये त्यांना घेतले नाही, तेव्हा हे चालत गावी आले आणि सकाळी वर्गात त्या पोराला उभे करून विचारले, "पाय लागला व्हता का न्हाई?" पोरगे म्हणाले, "लागला व्हता, सर." "मग बस खाली." एवढ्यावर विषय संपला. आमच्या लग्नात शेवटचे मंगलाष्टक संपायच्या आधी अंतरपाट दोन बोटे खाली आला, म्हणून त्यांनी भटजींना थांबवून तो पुन्हा वर धरायला लावला होता. त्या दिवशी त्यांच्याकडे शिट्टी नव्हती, हे माझ्या आयुष्यातल्या मोजक्या सुदैवांपैकी एक.

असा माणूस पेपर हातात घेतो तेव्हा बातम्या सोडून आधी जाहिराती वाचतो. त्यांचे म्हणणे असे, की बातमी काय, कुणीतरी कुठूनतरी ऐकून लिहिलेली असते. जाहिरात मात्र माणूस स्वतःच्या खिशातले पैसे घालून छापतो, मग तो खोटे कशाला बोलेल? 'आधी खात्री करा, मगच खरेदी करा' असे एका फर्निचरवाल्याने आमच्या पेपरात छापले, तर हे त्याच्या दुकानात जाऊन जेवणानंतरचा सगळा वेळ एका दिवाणावर झोपून आले. खात्री झाली, पण दिवाण घेतला नाही. 'सात दिवसांत अस्खलित इंग्रजी' वाचून त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर क्लास लावला आणि आठव्या दिवशी सकाळी मला फोन केला. "पाव्हणं, ऐका," म्हणाले आणि बराच वेळ शांत राहिले. मग म्हणाले, "ऐकलं? कायबी येत न्हाई. ह्येचं काय करायचं?" मी म्हटलं, "मामा, क्लासवाल्याला विचारा की." त्यावर त्यांचे उत्तर ठरलेले असे, "त्येला मी वळखत न्हाई. तुमाला वळखतो. तुमच्या पानावर व्हतं."

आता माझ्या पराक्रमाकडे वळतो. उन्हाळ्यात क्रिकेटचा हंगाम सुरू झाला आणि एक गॉगलवाले गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन बसले. आज कोण जिंकणार, याचा अंदाज ते पैसे घेऊन मोबाईलवर पाठवीत. तो अंदाज घेऊन पुढे माणूस काय करणार, हे मला माहीत होते, त्यांना माहीत होते आणि आमच्या कँटीनच्या मांजरालाही माहीत असावे. पण सट्ट्याची जाहिरात घ्यायची नाही, हा आमच्या पेपरचा कडक नियम. म्हणून मी त्याला 'क्रीडा-विश्लेषण' म्हटले. संपादकांनी विचारले, "हे सट्ट्याचं तर नाही ना?" मी म्हणालो, "छे, हा सल्ला आहे. सट्टा ज्याचा तो लावतो." हे वाक्य सुचल्यावर आपण वकील व्हायला हवे होते असे मला वाटले. वर गृहस्थांकडे चांगला मजकूर नव्हता, तर तोही मीच लिहून दिला: 'अंदाज नव्हे, अनुभव! जिंकणाऱ्यांच्या बाजूने उभे राहा!' पहिल्या पानावर, खाली, लाल चौकटीत. कॉलेजात कविता करायचो त्याचे चीज झाले म्हणून बायकोला तो अंक दाखवला, तर तिने चष्मा न लावताच "छान" म्हटले.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका रविवारी दुपारी सासरे एस.टी.ने सांगलीला आले आणि न कळवता थेट ऑफिसात माझ्यासमोर बसले. मी चहा मागवला. त्यांनी कप बाजूला सरकवून पिशवीतून दोन मोबाईल काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक त्यांचा, एक सासूबाईंचा.

"टेलरनं पिकोची मशीन इकली," ते म्हणाले.

टेलर म्हणजे त्यांचे तीस वर्षांचे जिवलग मित्र. यांचे पंचाचे सगळे शर्ट त्यांनीच शिवलेले. सकाळी यांची बैठक त्यांच्याच दुकानात, आणि आमचा पेपरही तिथेच वाचला जाई. साड्यांना पिको करण्याची ती मशीन म्हणजे दुकानाचा अर्धा जीव होता.

"का विकली?" मी विचारले.

"लाल चौकट वाचली. म्हनला, सरांच्या जावयाचा प्येपर हाय, खोटं कसं असंल? अंदाज घेतला, पैसं लावलं. मला चार दिस कायबी बोलला न्हाई. मशीनची जागा रिकामी दिसली म्हनून म्या इचारलं."

त्यानंतर सासऱ्यांनी जे केले ते फक्त तेच करू शकतात. कुणाशी भांडले नाहीत, पोलिसात गेले नाहीत. त्यांनी स्वतःच्या आणि सासूबाईंच्या मोबाईलवरून त्या अंदाजाची वेगवेगळी वर्गणी भरली आणि सामने बघायला बसले. दोघांना रोज वेगळा संघ जिंकणार म्हणून निरोप येई. योगायोगाने सासूबाईंचे चार अंदाज ओळीने बरोबर आले, तेव्हा त्या गृहस्थांनी फोन करून त्यांना 'मॅडम' म्हटले आणि जास्त पैशांच्या खास गटात यायचे आमंत्रण दिले. घरात त्यांचा दरारा इतका वाढला, की "आवं, आता पावसाचं काय ते बी मलाच इचारा," असे त्या सासऱ्यांना ऐकवू लागल्या.

मी घड्याळाकडे पाहिले. साडेतीनचा सामना होता. तेवढ्यात दोन्ही मोबाईल एकदमच वाजले. सासऱ्यांनी ते माझ्याकडे फिरवले. एकात एक संघ, दुसऱ्यात दुसरा. दोन्हीकडे शब्द तेच: 'शंभर टक्के खात्री.'

"मामा," मी म्हणालो, "हल्ली मोठमोठे पेपर छापतात. टीव्हीवर सामन्याच्या मधेच दाखवतात. आम्ही तर खाली स्पष्ट टीप दिलीय, वाचकांनी स्वतः खातरजमा करावी, संपादक जबाबदार नाहीत."

"म्या क्येली खातरजमा," ते शांतपणे म्हणाले. "आता तुमी करा."

मग त्यांनी खिशातून लाल चौकटीचे कात्रण काढले आणि त्या ओळीवर बोट ठेवले. "आनि ह्ये कुनी लिवलं? अंदाज न्हवं, अनुभव?"

आता इथे कुणीही सभ्य माणूस काय म्हणाला असता? मी म्हणालो, "एजन्सीनं."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मला वाटलंच," ते म्हणाले. "तुमी असलं लिवनार न्हाई." आणि गार झालेला चहा त्यांनी समाधानाने पिऊन टाकला.

ते रागावले असते तर मला सोसले असते. रागावलेल्या सासऱ्यापासून बचाव करायची कला प्रत्येक जावयाला येते. पण विश्वास ठेवणाऱ्या सासऱ्यापुढे काय करायचे हे मला कुणी शिकवले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे जाऊन जाहिरात बंद करू म्हणालो. ते म्हणाले, हंगामाचा करार आहे. तेव्हा मी मोठ्या धैर्याने ती पहिल्या पानावरून सातव्या पानावर हलवली आणि दोन दिवस स्वतःला क्रांतिकारक समजत फिरलो. तिसऱ्या दिवशी ते शौर्यही उतरले.

पुढच्या रविवारी मी आष्ट्याला गेलो. दोघेही टेलरच्या दुकानात बसले होते. मशीनच्या जागी फरशीवर चार गोल डाग होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकले, "मामा, ती ओळ एजन्सीची नाही. माझी आहे."

सासऱ्यांच्या आधी टेलरच म्हणाले, "जाऊ द्या की सर. पैसं म्या लावलं. त्येंनी माजा हात धरला न्हवता." त्यांच्या या बोलण्याने मला अधिकच मेल्यासारखे झाले. सासरे माझ्याकडे पाहात होते. वर्गातल्या त्या पोराकडेही असेच पाहिले असेल. शेवटी म्हणाले, "आमाला दोघांना सांगून काय उपेग? जितं ते छापलंसा, तितंच ह्ये बी छापा."

मी छापले. आमच्या पेपरातले वाचकांच्या पत्रांचे सदर मालक कधीच वाचत नाहीत, या भरवशावर मी तिथे माझ्या नावाने पत्र दिले. एकाच वेळी दोन मोबाईलवर आलेले दोन उलटे अंदाज, लाल चौकट, माझी ओळ, सगळे लिहिले. मालकांनी त्या दिवशी नेमके ते सदर वाचले. गॉगलवाले गृहस्थ करार मोडून गेले आणि दोनच दिवसांत शेजारच्या पेपरात पहिल्या पानावर त्यांची जाहिरात आली, माझ्या ओळीसकट. माझ्या साहित्यातले एवढेच काय ते दोन पेपरांनी छापले. माझी नोकरी गेली नाही, फक्त मला निधनवार्तांच्या टेबलावर बसवले. तिथे मजकूर चढवून लिहायला फारसा वाव नसतो.

टेलरची मशीन काही परत आली नाही. पिकोची गिऱ्हाइके आता दुसरीकडे जातात. फॉल मात्र ते हाताने लावून देतात, आणि हाताशी सासरे बसतात. त्यांचे टाके कबड्डीच्या मैदानावरच्या चुन्याच्या रेघांइतके लांब पडतात, टेलर ते न बोलता उसवतात आणि पुन्हा घालतात. मी रविवारी गेलो की तिसऱ्या बाकावर बसतो. मागच्या खेपेला सासऱ्यांना सुईत दोरा ओवता येईना. तीनचार वेळा दोरा बाजूने गेला. रेषेवरचा अंगठा दुरून ओळखणारी ती नजर आता मंद होत चालली आहे, हे मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी सुई माझ्यापुढे धरली. मी दोरा ओवून दिला. तो नीट ओवला आहे की नाही हे न बघताच त्यांनी टाका घालायला घेतला.