काढलेल्या पाण्याचं कळण

"इंजिन स्लो कोणी केलं रे?" मयेकर काकांनी डोळे न उघडताच विचारलं.

सोमवारची सकाळ होती. काकांच्या हाताला सुया लावून मी मशीन नुकतंच चालू केलं होतं. मी डायलिसिस टेक्निशियन. रत्नागिरीतल्या एका लहान हॉस्पिटलात, पाच बेडच्या युनिटमध्ये अठरा वर्षं हेच करतोय. ज्यांच्या किडन्या थकल्या त्यांचं रक्त बाहेर घ्यायचं, गाळायचं आणि परत आत सोडायचं. एका पेशंटला चार तास लागतात. तेवढा वेळ मशीन एका लयीत घुमत राहतं, एसीचा गारवा असतो, पेशंट पेंगतात, आणि खरं सांगायचं तर उभ्या उभ्या मीही कुठेतरी तरंगत असतो. माझी बायको म्हणते, तुला झोपायचा पगार मिळतो.

काका मांडवीचे. तीस वर्षं बोटीवर, इंजिन रूममध्ये ऑइलमन, इंजिनाचं तेलपाणी बघणारे. डोळा लागला की ते परत बोटीवर जायचे. मग आमचं युनिटही थोडं हलल्यासारखं वाटायचं, पडदे हलायचे, पलीकडच्या बेडवरची बाई घोरायची आणि काका मला एखाद्या दूरच्या बंदराचे दिवे दाखवायचे. ते सांगायचे, बंकवर झोपलेल्या माणसाच्या पाठीला इंजिन कळतं, ठोका जरा बदलला की जाग येते. त्या दिवशीही मी हसणारच होतो. सवयीने मॉनिटरकडे पाहिलं. पल्स छत्तीस.

काकांचं डायलिसिस सुरू होऊन चार महिने झाले होते. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना चक्कर आली होती, तेव्हाही पल्स कमी भरली. हार्टच्या डॉक्टरांनी पेसमेकरचं बोलून ठेवलं होतं. पेसमेकर म्हणजे छातीच्या कातडीखाली बसवायचं छोटं यंत्र, हृदय रेंगाळलं की त्याला टोचणी देणारं. मुंबईला असलेल्या मुलाने तिथली गुरुवारची अपॉइंटमेंट घेऊनही टाकली होती.

मी ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडमना हाक मारली. वयाने लहान, पण डोकं थंड. त्यांनी बीपी बघितलं, ते उतरत होतं. "दादा, मशीनवरून सोडवा. ॲम्ब्युलन्स बोलवू, कोल्हापूरला पाठवू," त्या म्हणाल्या.

कोल्हापूर म्हणजे आंबा घाट. छत्तीस पल्स घेऊन.

"मॅडम, सोडवायच्या आधी पोटॅशियम बघू," मी म्हटलं. "टी वेव्ह बघा."

हे जरा समजावतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची मॉनिटरवर एक रेघ उमटते. रेघेच्या शेवटी एक बुटका उंचवटा असतो, त्याला टी वेव्ह म्हणतात. काकांचा तो उंचवटा पेंढ्याच्या उडवीसारखा उंच आणि टोकदार झाला होता. रक्तात पोटॅशियम वाढलं की असं होतं. पोटॅशियम आपल्या रोजच्या खाण्यात असतं, भाजीत, कडधान्यात, फळांत, शहाळ्यात. जास्तीचं किडनी बाहेर टाकते. किडनी थकली की ते रक्तात साठतं आणि हृदयाच्या ठोक्याचं तंत्र बिघडवतं. ठोका मंद होतो, वेडावाकडा होतो आणि कधी थांबतोही. म्हणजे दुखणं किडनीचं, पण बोंब हृदय मारतं.

रिपोर्ट पाच मिनिटांत आला. सात पॉइंट दोन. साडेपाचच्या वर गेलं तरी आमच्या भुवया उंचावतात.

मॅडमनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदयाला तेवढ्यापुरतं कवच मिळतं. पोटॅशियम काढायला माझं मशीन होतंच. आम्ही दोघं मॉनिटरकडे बघत उभे राहिलो. काका पुटपुटत होते, धुकं फार आहे म्हणून. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि मला मनातून भीती वाटत होती, तेही सांगून टाकतो. चाळीस. पंचेचाळीस. मग बराच वेळ पंचेचाळीसच. तासाभराने अठ्ठावन्न. उडवी हळूहळू बसली. काकांनी डोळे उघडून चहा मागितला.

मॅडमनी मुलाला फोन केला. गुरुवारी नेऊ नका, म्हणाल्या. पोटॅशियम कुठून येतंय ते सापडलं तर पेसमेकरची गरजच पडणार नाही. नाही सापडलं तर पेसमेकर बसवूनही ते जिवावर बेतेल. मुलाने विचारलं, सापडायला किती दिवस लागतील? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मी बाहेर बाकावर बसलेल्या मयेकर काकींकडे गेलो. पहिल्या दिवशी पथ्य मीच समजावलं होतं. शहाळं बंद, फणस बंद, आंबा नावालासुद्धा नाही. भाजी आणि कडधान्य भरपूर पाण्यात उकडायचं, पाणी काढायचं, मग फोडणीला टाकायचं. दिवसाचं पिणं लिटरभर, त्यात चहाही आला. काकींनी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. काल ताटात काय काय वाढलं तेही सांगितलं. कुठेच चूक नव्हती. दोन डायलिसिसच्या मधे काकांचं वजनही कधी भलतं वाढलेलं नसायचं, म्हणजे पाण्याचं मापही त्या काटेकोर पाळत होत्या. मी हात टेकले.

"तू सकाळपासून उपाशी असशील," असं म्हणत काकींनी पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात काहीतरी गरम ओतलं. साराइतकं पातळ कळण, लसणीची फोडणी, वर कोथिंबीर. मी अर्धं एका दमात प्यायलो. काय चव होती! कसलं कळण, म्हणून विचारलं.

"कुळथाचं, वाईच माठाच्या भाजीचं, शेवग्याच्या पाल्याचं. तू पानी काढायला सांगितलंस ना, तेच. आटवते आणि ह्यांना वाटीभर देते. त्यांच्या लिटरातच मोजते हो, जास्त नाय देत. टाकायचं कशाला? सगळा कस त्यातच उतरतो."

मी झाकण खाली ठेवलं. काकी शंभर टक्के बरोबर बोलत होत्या. सगळा कस त्यातच उतरतो, पोटॅशियमसकट. चार महिने मी भाजीतून जे काढायला लावत होतो, ते त्या आटवून, फोडणी देऊन नवऱ्याला पाजत होत्या. आमच्याकडे आजारी माणसाला दुसरं देतात तरी काय? माझ्या आईनेही हेच केलं असतं.

आत जाऊन काकांना कळणाचं विचारलं.

"वाटायचं मला, हे बरोबर नसणार," ते म्हणाले. "पन ती वाटी देऊन समोर बसायची. मी संपवली की तिचा चेहरा उजळायचा. दिवसभरात तेवढाच. नको कसं म्हनू?"

काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"म्हंजे माझ्यामुळं झालं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नाही काकी, माझ्यामुळे. पाणी काढा एवढंच मी सांगितलं, का काढायचं ते सांगितलं नाही. हे मी त्यांची समजूत घालायला बोललो नव्हतो. तेच खरं होतं.

काकींनी थर्मास बेसिनमध्ये उपडा केला, नळ सोडून आतून धुतला. मग माझ्याकडे वळल्या.

"आता ह्यांच्यासाठी मी करू काय?"

अठरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. पथ्याच्या कागदावर त्याचं उत्तर नाही. मी त्यांची दोन बोटं धरून काकांच्या मनगटावर ठेवली, ठोका सापडेपर्यंत दाबली, आणि भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट कसं धरायचं ते शिकवलं. रोज संध्याकाळी मोजायचे. पन्नासच्या खाली गेले तर लगेच मला फोन.

पुढच्या सोमवारी पोटॅशियम पाच पॉइंट एक आलं. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेवढंच. मुंबईची अपॉइंटमेंट रद्द झाली, पेसमेकर बसला नाही. आता मी नव्या पेशंटच्या घरच्यांना पथ्य सांगून झालं की विचारतो, काढलेलं पाणी जाईल कुठे? दहातले तीन जण तरी म्हणतात, आमटीत. आणि काय काय बंद ते सांगून झालं की त्यांच्या हाताला काहीतरी काम देतो.

काकींचा फोन मात्र पन्नासची वाट बघत नाही, रोज संध्याकाळी येतोच. परवा म्हणाल्या, "काल बासष्ट होते, आज एकसष्टच भरले. एक कुठं गेला?"

"उद्या येईल, काकी," मी म्हटलं.

"बघ हां," त्या म्हणाल्या. "मी मोजनार हाय."