चिंधी बांधलेली झाडं

चार दिवसांच्या त्या सायकल-प्रवासात मला माझ्या नवऱ्याला एकच वाक्य सांगायचं होतं. मी थकले आहे, मळा बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन टाकू. वाक्य एवढंच, पण तीस वर्षांच्या संसारात ते माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. वाशीमच्या बाहेर आमची दोन एकर भाजीची शेती आहे. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. सोयाबीनवाल्याला वर्षात चार दिवस तरी खाटेला पाठ टेकता येते. भाजीवाल्याला नाही. भाजी रोज वाढते आणि रोज तोडावी लागते, मग घरात लग्न असो नाहीतर ताप. माझ्या बोटांचे पेरे आता सकाळी वळत नाहीत. आधी गरम पाण्यात बुडवावे लागतात, मग कामाला लागतात.

मुलगी फोनवर सारखी म्हणायची, चार दिवस कुठंतरी जाऊन या. हे मात्र ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. आणि फाल्गुनात एक दिवस जेवताना स्वतःच म्हणाले, "सायकलवर जाऊ. पण गाड्या चालतात तो रस्ता नको. तलावातलावानं, जंगलातून जाऊ."

मी भाकरी हातात धरून पाहतच राहिले. सायकल आम्हाला नवी नाही. लग्नानंतर दहा वर्षं मी कॅरियरला भाजीची डाली बांधून गल्ल्या पालथ्या घातल्या आहेत. पण मजेसाठी सायकल? मोटरसायकलसुद्धा यांनी दसऱ्याला धाकट्या भावाला देऊन टाकली होती, गुडघे दुखतात म्हणून. गुडघे दुखणारा माणूस सायकलवर जंगलात निघाला, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. पण मला माझं वाक्य बोलायला एकांत हवा होता. मळ्याचं पाणी दिरानं सांभाळायचं ठरलं आणि आम्ही निघालो.

आमच्या भागात असे रस्ते पुष्कळ आहेत, फक्त त्यांना कुणी रस्ता म्हणत नाही. कालव्याची पाळ, तलावाचं धरण, वनखात्याची मातीची वाट. पहिल्या दिवशी अनसिंगच्या बाजूला कालव्याकालव्यानं गेलो, तर दिवसभरात एक दूधवाला तेवढा भेटला. इतकी शांतता की आपल्याच साखळीची कुरकुर ऐकून वैताग यावा. सीटवर गोधडीचा तुकडा बांधला होता, तरी दुपारपर्यंत बूड बधिर झालं. घरी थकणं आणि इथं थकणं यात मला काही फरक दिसेना. उलट घरी निदान वांगी तरी तोडून होतात.

हे माझ्या मागून चालवायचे. निघताना माझा केशरी दुपट्टा यांनी स्वतः हुडकून काढला होता.

"हाच घाल."

"कायले? जुना हाय तो."

"मागून बरी दिसते तू त्याच्यात."

बावन्नाव्या वर्षी असं कुणी म्हटलं तर बाईनं काय करावं? मी तोंड फिरवून हवेचा पंप शोधायला लागले. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी बराच वेळ मनातल्या मनात हसत होते.

दुसऱ्या दिवशी जंगल लागलं. सागाची पानं गळून रस्ताभर पसरलेली, त्यावरून चाक गेलं की पापड मोडल्यासारखा आवाज. एका वळणावर रोही, म्हणजे नीलगाईचा नर, उभा होता, चांगला घोड्याएवढा, रस्त्याच्या मधोमध. मी ब्रेक दाबला. हे माझ्या बाजूनं निघून सरळ त्याच्याकडेच चालले. मी ओरडले, तेव्हा जनावर उडी मारून झाडीत गेलं आणि हे सायकलसकट आडवे झाले.

"दिसला नाही काय एवढा मोठा?"

"पाह्यला मी. म्हटलं, तो हटन."

मी चिडले. या वयात जनावराशी कसली मर्दुमकी दाखवायची? त्यानंतर तासभर मी मागं वळूनही पाहिलं नाही. बोलायचं होतं ते वाक्य तर पार पोटात गेलं.

दुपारी बाभळीच्या काट्यानं माझं मागचं चाक बसलं. वाटेत एक लहानसा तलाव होता. टिबुकल्या पाण्यात बुड्या मारत होत्या, पलीकडे पळस फुललेला. यांनी ट्यूब काढली, हवा भरली आणि पाण्यात न बुडवता गालाला लावून फिरवायला लागले.

"अवो, पाणी समोर हाय. बुडबुडे दिसतात त्याच्यात."

"गालाले लवकर समजते."

आणि खरंच, गालानंच त्यांनी छिद्र शोधलं. मी म्हटलं, करा तुमच्या मनाचं. तीस वर्षं तेच तर चाललं आहे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मानोऱ्याच्या अलीकडे एका तलावाशी पोचलो. तलावाच्या वर तांडा होता. अर्ध्याहून जास्त घरांना कुलपं, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली. एका ओसरीवर एक म्हातारी बसली होती, उजवा हात प्लॅस्टरमध्ये घालून गळ्यात अडकवलेला. आम्ही पाणी मागितलं, तर तिनं रात्री राहायलाच सांगितलं. तिचे दोन्ही मुलगे आणि सुना ऊस तोडायला गेल्या होत्या. तलावाचं पाणी हटतं तसा जो गाळ उघडा पडतो, त्यात तिनं वांगी लावली होती. सकाळी आठला मानोऱ्याच्या बाजाराला ऑटो जायचा, आणि तोडायला माणूस नव्हतं.

"एका हातानं कितीक तोडू बाप्पा," म्हातारी म्हणाली. "लागलेलं वांगं झाडावर जून होऊन राह्यलं."

हे ऐकल्यावर भाजीवाल्याला झोप कुठली? हे लगेच म्हणाले, "मावशी, आमी तोडून देतो. जन्मभर तेच केलं."

"तुमी भाजीवाले, मंग तुमाले काय सांगा लागते," ती म्हणाली, आणि तिनं खरंच काही सांगितलं नाही.

सांगण्यासारखं एकच होतं. आमच्यात बियाण्याचं झाड राखायची रीत आहे. वावरातलं जे झाड सगळ्यात निरोगी, ज्याचं वांगं कधी किडत नाही, त्याच्या शेंड्याला चिंधी बांधायची. मग त्या झाडाला कुणी हात लावत नाही, दारात जावई आला तरी नाही. वांगी झाडावरच पिवळी होऊ द्यायची आणि मग बी काढायचं. चिंधी शक्यतो लाल घेतात, दुरून दिसावी म्हणून. हे भाजीवाल्याच्या घरात लेकराला चालता येण्याच्या आधीपासून माहीत असतं.

पहाटे फटफटलं तसे आम्ही गाळात उतरलो. वरच्या ओळी मी घेतल्या, पाण्याकडच्या यांनी. यांचा हात नेहमीच भरभर चालतो, त्या दिवशी तर माझ्याआधीच डाली भरली. माझ्या ओळीत एक चिंधीचं झाड आलं, ते मी सोडून पुढं गेले. दिवस वर आला तेव्हा म्हातारी खाली आली. डाल्यांकडे पाहून खूश झाली, आणि मग पाण्याकडच्या ओळीशी जाऊन थांबली.

तिथं चिंधीची चार झाडं होती. लाल चिंध्या होत्या तशाच शेंड्याला होत्या. खाली एक वांगं शिल्लक नव्हतं.

म्हातारी खाली वाकली. डाव्या हातानं एक चिंधी चाचपून पाहत म्हणाली, "माह्या सासूचं बी होतं. विकत कवा आणलंच नाही आमी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्यासमोरच यांच्यावर तुटून पडले. "तीस वर्षं वावरात काढली ना तुमी? चार चार चिंध्या! एकबी दिसली नाही काय तुमाले?"

"नाही," हे म्हणाले. डालीवर हात ठेवून उभे होते. "मले नाही दिसल्या. अजूनबी दिसत नाहीत."

ते बघत होते झाडांकडेच. झाडं दोन हातांवर होती आणि दिवस चांगला वर आला होता.

मग धरणावर बसून यांनी सगळं सांगितलं, म्हातारीच्याच समोर, जणू आधी तिला जबाब द्यायचा होता. पोळ्यापासून उजवा डोळा गेला आहे. डावा धुरातून पाहिल्यासारखा. एकटे अकोल्याला जाऊन दाखवून आले. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याची नस सुकत आहे. गेलं ते परत येत नाही, उरलं ते थेंब टाकून राखायचं. गुडघ्याचं औषध म्हणून जी डबी जवळ ठेवायचे, तिच्यात ते थेंबच असत.

"मोटरसायकल म्हणूनच देली. गाड्यांचा रस्ता म्हणूनच नको म्हटला. बारके तलाव, जंगल, एकडाव तुह्यासंगं पाहून घेऊ म्हटलं, दिसते तवालोक. तुहा दुपट्टा धरून चालवत होतो मी."

तीन दिवस मी ज्या ज्या गोष्टीवर चिडले होते, ती एकेक येऊन माझ्यापुढं बसायला लागली. रोही. गालाला लावलेली ट्यूब. मला माझीच लाज वाटली, आणि लाजेच्या खाली रागही होता. सहा महिने एका ताटात जेवून या माणसानं मला कळू दिलं नव्हतं.

म्हातारीनं मला विचारलं, "वरच्या ओळीत एक झाड हाय ना?"

"हाय," मी म्हटलं. "त्याले हात नाही लावला."

"मंग एका झाडाचंबी बी लय होते," ती म्हणाली, आणि ऑटो यायच्या आत डाल्या वर न्यायला सांगितल्या.

तो चौथा दिवस. ऑटो गेला तसे सरळ वाटेनं परत फिरलो. पाय शिशाचे झाले होते. जंगलातून मी पुढं, हे मागं, तसंच. फक्त आता मी तोंड चालू ठेवलं होतं. डावीकडे खड्डा. पुढं रेती. तलाव आला, पाणी अर्ध्यावर, मधात दोन बगळे. हे मागून विचारायचे, "पळस हाय काय?" आणि मी सांगायचे, हाय, काठानं सात-आठ झाडं.

माझं वाक्य अजून तसंच होतं. पण आता ते कसं बोलायचं? आंधळ्या होणाऱ्या माणसाला म्हणायचं, मळा सोडून द्या? शेवटच्या तलावाच्या काठी भाकर सोडली तेव्हा यांनीच विचारलं, "चार दिवस तू कायतरी बोलाले पाहून राह्यली. काय होतं?"

"काही नाही."

"थकली म्हणाचं होतं. माहीत हाय मले. तू सकाळी बोटं गरम पाण्यात घालते, ते आवाजानं समजते." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "मळा म्या भावाले बटईनं देला. निघाच्या आधीच. तो पाणी द्याले नाही आला, आता तोच करन."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तू विचारलं असतं, कायले देला."

मला जे हवं होतं ते निघण्याआधीच माझं झालं होतं. वाटलं होतं, ते मिळेल त्या दिवशी मी दुपारपर्यंत झोपेन. आता नुसतीच बसून राहिले. भाकर कोरडी झाली.

घरापासून चार किलोमीटरवर मोठा रस्ता लागतो, त्याला दुसरी वाट नाही. ट्रक एकामागून एक चाललेले. आम्ही उतरलो आणि सायकली ढकलत निघालो. लग्न झाल्यापासून आम्ही रस्त्यानं चाललो की गाड्यांच्या बाजूला हे असतात आणि आत मी. बाजाराला, दवाखान्यात, किन्हीराजाला माझ्या माहेरी जाताना, नेहमी तसंच. त्या दिवशी हे सवयीनं बाहेरच्या बाजूला आले. मी सायकल थांबवली, त्यांच्या मागून फिरून गाड्यांच्या बाजूला गेले आणि त्यांना आत घेतलं. हे आत सरकले.