शरण आलेल्यांनी कुठे जायचं

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लढाईचा एक खेळ घरीच तयार केला होता. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत, सुट्टीच्या दिवशी, ते फरशीवर खडूने चौकटी आखत, नद्या आणि किल्ले काढत. माझं सैन्य चिंचोक्यांचं, त्यांचं काजूच्या बियांचं. चहूबाजूंनी कोंडलेल्या तुकडीने शरण जायचं आणि ती उचलून वाटीत टाकायची, असा नियम. मी तेव्हा मॅट्रिकला होते. अण्णांना हरवण्यात मला फार मजा वाटे.

धाकटा मामा आमच्याकडेच राहायचा. ठाकुर्लीच्या वीजघरात त्याला नोकरी लागली होती. महायुद्धात आफ्रिकेत त्याची तुकडी शरण गेली आणि युद्ध संपेपर्यंत तो परमुलखात कैदेत राहिला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. सुटून आल्यावर तो कोकणात, आजीकडे, एकदाही गेला नव्हता. आईने विषय काढला की चपला घालून बाहेर पडायचा.

एका रविवारी मी अण्णांची मोठी तुकडी नदीकाठी कोंडली आणि बिया ओंजळीत गोळा केल्या. खाटेवर पडलेला मामा उठून बसला.

"कुठे नेतेस गं त्यांना?"

"वाटीत. शरण आले ना ते!"

"शरण आले, मेले नाहीत. त्यांना चालवत न्यावं लागतं, खायला घालावं लागतं. पहारा लागतो."

अण्णांनी त्याच्यापुढे खडू धरला. "मग नियम तू सांग."

मामा खाली येऊन बसला. कैद्यांनी दर पाळीला एक घर मागे सरकायचं, जिंकणाऱ्याच्या किल्ल्यापर्यंत. पहाऱ्याला जिंकणाऱ्याची एक तुकडी, आणि तोवर ती लढाईतून बाद.

"म्हणजे जिंकूनही माझंच सैन्य कमी?" मी कुरकुरले.

"होतंच तसं."

"आणि किल्ला पडून कैदी सुटले तर?" अण्णांनी विचारलं. "तिथूनच लढायला लागतील?"

"नाही. आधी त्यांना घरी पोचवायचं."

"तिथे किती थांबायचं?"

मामाने खडू खाली ठेवला. आई तांदूळ निवडायचं सोडून दारात येऊन उभी राहिली होती.

"भावोजी," तो म्हणाला, "गावात सगळे विचारणार, शरण का गेलास. पाणी संपलं होतं. साहेबाने हात वर करायला सांगितले, आम्ही केले. आईला हे कसं सांगू?"

"आईला एवढंच माहीत आहे," माझी आई म्हणाली, "की तू मुंबईला उतरलास आणि घरी आला नाहीस."

तो डाव तसाच राहिला. पुढे आम्ही मामाच्याच नियमांनी खेळलो. खेळ संथ झाला, मी जास्त वेळा हरू लागले; जिंकायच्या आधीच कैद्यांचं काय करायचं याचा विचार करावा लागे.

शिमग्याला मामाने रजा काढली आणि आईला घेऊन बोटीने गावी गेला. परत आल्यावर आईने सांगितलं, देवळाच्या पायरीवर एकाने सगळ्यांसमोर विचारलंच. मामाने पाणी संपल्यापासूनचं सगळं सांगितलं. आजी शेजारी बसून होती. मध्ये कुणी उठून गेलं नाही.