मी न मारलेली हाक

आधीच सांगून टाकतो, मी पीटीचा शिक्षक आहे. भूत, चकवा, भानामती असलं काही पोरांनी सुरू केलं की मी त्यांना मैदानाला दोन चकरा मारायला लावतो. या सदरात लोक लिहितात ते आजवर चहासोबत वाचायचो आणि हसायचो. आता स्वतःच लिहायला बसलोय... तेव्हा तुम्हीही हसा, माझी हरकत नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा, कारण यात माझी एक लबाडीही आहे.

आम्ही तिघं दारव्ह्याचे, शाळेपासूनचे दोस्त. प्रवीण पतसंस्थेत कामाला, पक्ष्यांच्या फोटोंचं वेड असलेला. रमेशचं बी-बियाण्यांचं दुकान, घर बोरी अरबकडच्या एका बंजारा तांड्यावर. आणि मी, विनोद. प्रवीणच्या नादानं आम्हाला दोघांनाही जंगलं तुडवायची सवय लागली. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘मिशन अंदमान’. बेटावर जायचं, तिथलं रान पायी हिंडायचं, असं चार वर्षं चाललं होतं आणि दर वर्षी कुणाची तरी सुट्टी आडवी यायची. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये प्रवीणनं ग्रुपवर टाकलं, “अंदमान गेलं उडत. बेट पैनगंगेतही आहे, अन् नदी सुरयनं अंडी घातली तिथं. रविवारी निघून राह्यलो.”

नदी सुरय हा काळ्या टोपीचा, पिवळ्या चोचीचा पक्षी. उन्हाळ्यात नदी आटली की उघड्या पडलेल्या वाळूवर अंडी घालतो.

पहाटे पाचला दोन गाड्यांवर निघालो. दिग्रस, पुसद, उमरखेड करत साडेआठला ढाणकीत आलू-बोंडा खाल्ला आणि पुढे कच्च्या रस्त्यानं नदी गाठली. पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीबाहेरचा भाग, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पात्राच्या मधोमध दोन एकराएवढं बेट, त्यावर थोडी झुडपं आणि वाळू. अलीकडच्या काठापासून बेटापर्यंत घोट्याएवढं पाणी, खाली शेवाळलेले दगड. जेमतेम ऐंशी पावलं.

काठावर शेळ्या चारणारे एक म्हातारबाबा भेटले. म्हणाले, “वरून पाणी सोडनार हायेत म्हनते. गावात सांगून गेले. आज सोडतेत का उद्या, कोनाले मालूम.”

उन्हाळ्यात खालच्या गावांसाठी धरणाचं पाणी सोडतात, त्यात नवीन काही नाही. खरं म्हणजे तिथूनच परत फिरायला हवं होतं. पण सव्वाशे किलोमीटर गाडी हाणून आलेला माणूस परत फिरत नसतो! आम्ही तोडगा काढला. दोघांनी बेटावर जायचं, एकानं काठावरच्या उंच दरडीवर बसून वरच्या वळणाकडे लक्ष ठेवायचं. पाणी दिसलं की शिट्टी.

शिट्टी माझ्याच गळ्यात असते. शिवाय रमेशला पोहता येत नाही, म्हणून मी त्याला म्हटलं होतं, तू बस काठावर. तर म्हणाला, “तू राय बे. तुह्या शिट्टीनं आख्खी शाळा थांबते, पाणी काय चीज हाय.”

म्हणून मी बसलो. करंजाची गार सावली, पहाटे चारला उठलेलो, पोटात तीन आलू-बोंडे... साडेदहापर्यंत मी नीट पाहत होतो. प्रवीण वाळूत पालथा पडून कॅमेऱ्याला डोळा लावून होता, रमेश त्याच्या मागे उभा. पक्ष्यांचा नुसता कल्ला चालला होता. वळणावर काही हालचाल नव्हती. मी टोपी तोंडावर ओढली, फक्त ऊन लागतं म्हणून.

आणि मी झोपलो. दोघांचा जीव माझ्यावर सोपवलेला, आणि मी झोपलो.

जाग आली ती पाण्याच्या छपछपाटानं. टोपी सरकवली तर दोघं काठाकडे पळत येताना दिसले. प्रवीणच्या गळ्यात कॅमेरा, हात रिकामे, तिपाई बेटावरच. रमेश घसरला, उठला, पुन्हा घसरला. मला कळेना हे का पळतायत. वळणाकडे पाहिलं... काही नाही. कोरडे दगड, चमकणारं ऊन.

मग पक्षी उठले. सगळे एकदम, अंडी सोडून.

त्यानंतर आवाज आला. भरलेला ट्रक घाटात पहिल्या गिअरवर चढावा तसा. वळणातून मातकट पाणी आलं, पुढे फेस आणि काटक्या ढकलत. फार उंच नव्हतं, कमरेएवढं असेल, पण ज्या जोरात येत होतं त्यात म्हैस उभी राहिली नसती. दोघं अजून पात्रातच होते. मी दरडीवरून उडी मारली. शिट्टी गळ्यात तशीच लटकत होती, ती फुंकायचंही सुचलं नाही. प्रवीण वर चढला. रमेशचा हात माझ्या हातात आला तेव्हा पाणी त्याच्या मांड्यांना लागलं होतं. त्याचा एक पाय उचलला गेला, पूर्ण वजन माझ्या खांद्यावर आलं. प्रवीणनं मला मागून कमरेला धरलं म्हणून निभावलं.

पाचेक मिनिटांत वाळू दिसेनाशी झाली. अंडी, तिपाई, सगळं गेलं. सुरय वर घिरट्या घालत ओरडत राहिले, ते ऐकवत नव्हतं.

प्रवीण माझ्या गळ्यात पडून रडला. “तू आवाज देल्ला म्हणून वाचलो रे विन्या. सामान गोळा करत बसलो असतो त मेलो असतो.”

मी विचारलं, “काय आवाज?”

“अरे, तूच त म्हटलं नं! ‘पव्या, माघारी ये, सामान सोड!’ दोनदा.”

मी आवाज दिला नव्हता. द्यायचाच असता तर शिट्टी मारली असती, त्यासाठीच तर बसलो होतो. त्या क्षणी खरं बोलायचं तर ‘मी झोपलो होतो’ म्हणावं लागलं असतं. रमेश काठावर बसून माझ्याकडे बघत होता. मी नुसती प्रवीणची पाठ थोपटली. ही माझी लबाडी.

पुढे ती वाढत गेली. प्रवीणनं गावभर केलं. शाळेत प्रार्थनेच्या वेळी हेडसरांनी ‘प्रसंगावधान’ या विषयावर भाषण ठोकून मला शाल-श्रीफळ दिलं, आणि मी ते घेतलं. रमेशच्या आईनं, तिला तो त्यांच्या बोलीत याडी म्हणतो, मला तांड्यावर बोलावलं. दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून म्हणाली, “सर, माह्या पोराले तुमी जलम देल्ला दुसरा.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मनाशी खूप ताळा लावून पाहिला. झोपेत बरळलो असेन? बायको म्हणते, तुम्ही घोरता, बरळत नाही. आणि टोपीखालचं बरळणं पक्ष्यांच्या त्या कल्ल्यात ऐंशी पावलांवर ऐकू जाईल? शेळ्यावाले बाबा? ते आमच्यासमोरच गावाकडे गेले होते, आणि प्रवीणला ‘पव्या’ म्हणतात हे त्यांना कुठून कळणार? पक्ष्यांचं ओरडणं शब्दांसारखं वाटलं म्हणावं, तर ‘सामान सोड’ कुठला पक्षी म्हणतो?

गेल्या वर्षी रमेशला मुलगा झाला. याडीनं फर्मान काढलं, नाव विनोदच ठेवायचं. आजकाल पोराचं नाव विनोद कोण ठेवतं! पण ती ऐकेना. बारशाच्या आदल्या दिवशी मला राहवेना. दुपारी रमेशच्या दुकानात गेलो, गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो आणि सांगितलं, “मी झोपलो होतो रे. मी हाक मारलीच नाही. माझं नाव नको देऊ लेकराला.”

रमेश बियाण्यांच्या पिशव्या रचत होता. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाला, “मले मालूम हाय.”

मी तिथंच पिशव्यांवर टेकलो.

“मी उभा होतो नं. तुह्याकडंच पाहून राह्यलो होतो. टोपी तोंडावर, पाय लांब. मनात म्हटलं, झोपला वाटते साला. तितक्यात आवाज आला. तुहाच आवाज, विन्या, काही फरक नाही. पण तू हालला बी नाही. अन् आवाज तुह्याकडून नाही आला, पाण्याच्या अंगानं आला.”

“मग इतके दिवस बोलला काहून नाही?”

“काय बोलू? याडी इचारते, कोणं वाचवलं. कोणाचं नाव सांगू?” त्यानं खाली ठेवलेली पिशवी पुन्हा उचलली. “अन् उद्या पोराचं नाव दुसरं ठेवतो म्हटलं, त कोणाचं ठेवू, तूच सांग.”

मी उठून उरलेल्या पिशव्या त्याच्यासोबत रचल्या.

बारसं झालं. विनोद आता चालायला लागलाय. तांड्यावर गेलो आणि कुणी त्याला हाक मारली, की ओ द्यायला माझंही तोंड उघडतं. पण आधी मी मागे वळून बघतो... हाक नेमकी कोणी मारली ते.