लाल फडक्यातलं पुस्तक

मी कुणाला पुस्तक सुचवलं आणि तिनं ते वाचलं नाही, तर मला राग येतो. वाचलं आणि आवडलं नाही, तर जास्तच येतो. आमच्या कंपनीच्या बसमध्ये हे सगळ्यांना पाठ आहे. मुकुंदवाडीहून बिडकीनला जाता-येता आम्ही सहा-सात जणी मागच्या सीटांवर बसतो आणि गेली काही वर्षं आमच्यात पुस्तकं फिरतात. घरात पडून होतं म्हणून आणलं, असलं चालत नाही. जिला द्यायचं तिच्यासाठीच निवडायचं, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालायचं, आणि वाचताना जिथं तिची आठवण येईल तिथं कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं चार शब्द लिहायचे. हा नियम माझाच. सगळ्यात जास्त लिहिणारीही मीच, म्हणून बसमध्ये माझं नाव ‘पेन्सिलवाली’ पडलंय.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिचं सासर कन्नडच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी. सासरे शेतीमुळं गावीच, आणि सासूबाई डोळ्यांच्या उपचारासाठी म्हणून मुकुंदवाडीत लेकाकडं राहायला आलेल्या. ती बसमध्ये चढली की आधी सासूपुराण. “आज काय म्हणाल्या माहितीये का ताई? तुझ्या हाताला चव नाय अन् तोंडाला हसू नाय.” घरात ती एक शब्द उलट बोलायची नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ते सगळं तुंबलेलं ती बिडकीन येईपर्यंत माझ्या कानात ओतायची, आणि मी त्या आगीत तेल ओतायची.

म्हणून तिच्यासाठी मी एक विनोदी कादंबरी शोधून काढली. तिच्यातली सासू सगळ्या गावाला सळो की पळो करून सोडते. अशी निवड आपल्यालाच जमते, म्हणून मी स्वतःवर भलतीच खूश होते. एका पानावर ती सासू सुनेच्या स्वयंपाकाचा उद्धार करते, तिथं मी ठळक लिहिलं, “हुबेहूब तुझी सासू! इथं पोटभर हसून घे.” पुढं अर्ध्यावर लिहिलं, “ही बाई मरेपर्यंत बदलणार नाही. लाव पैज!” आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.

पहिली दोन प्रकरणं वाचून ती बसमध्ये इतकी हसली की ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. पंधरा दिवसांनी म्हणाली, “ताई, पुस्तक सापडंना झालंय. उशीखाली ठेवलं होतं.”

“सासूबाईंच्या हाती लागलं असेल,” मी घाबरून म्हणाले.

“छे! त्या दुपारभर पोथी घेऊन बसत्यात. पोथीशिवाय दुसऱ्या कागदाला हात लावत नाहीत.”

मग मला राग आला. पुस्तक म्हणजे काय भाजीची पिशवी आहे का, कुठंही विसरायला, असं मी तिला सगळ्यांसमोर बोलले. आठ दिवस तिच्याशी धड बोलले नाही. ती बिचारी रोज घरातली गाठोडी उपसत होती.

त्यानंतर काही दिवसांनी सासूबाईंनी गावी जायचा धोशा लावला. गेल्या, आणि महिन्याभरात तिथंच वारल्या.

तेरवीला मी गेले. कन्नडपर्यंत एसटी, पुढं जीप. जेवणं आटोपल्यावर आम्ही बायका ओसरीवर बसलो होतो आणि पुरुषमाणसं अंगणातल्या मांडवात. मैत्रीण खांबाला टेकून बसली होती. तिचे सासरे, उंच, वाळलेला म्हातारा माणूस, पायरीवर येऊन बसले आणि लेकीला म्हणाले, “तुझ्या आईची पोथी अर्धी राह्यली. अर्धी पोथी ठेवू नाय. आज सगळे हायेत, तेवढी पुरी करून टाक.”

ही नणंद गावच्या अंगणवाडीत काम करते. आवाज खणखणीत. तिनं आतून लाल फडक्यात बांधलेली पोथी आणली, कपाळाला लावली आणि गाठ सोडली. बायकांनी पदर सावरून हात जोडले. मीही जोडले.

फडकं बाजूला झालं आणि आतून कॅलेंडरचा कागद निघाला. त्यावर तारखेच्या एका चौकोनात माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, “सिलिंडर लावला.”

जोडलेले हात सोडायचेसुद्धा मला सुचेना. मैत्रिणीकडं पाहिलं तर तिनं कव्हर ओळखलं होतं, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला या घरात अजून जन्म काढायचा होता. सासूच्या तेरवीला, सगळ्या भावकीसमोर, तिनं आणलेल्या पुस्तकातून तिच्या सासूची टिंगल निघणार होती, आणि ती टिंगल मी लिहिलेली होती.

नणंद खुणेचा दोरा शोधत पानं उलटत होती. मधेच थांबली. “दादा,” ती वडलांना म्हणाली, “ही पोथी नाय. गोष्टीचं पुस्तक हाय. अन् हिच्यात कुणीतरी शिसपेन्सिलीनं लिहिलंय.”

“काय लिहिलंय?”

तिनं वाचलं. अंगणवाडीत मुलांना वाचून दाखवावं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “हुबेहूब तुझी सासू. इथं पोटभर हसून घे.”

मांडवातल्या माना ओसरीकडं वळल्या.

“कुणी लिहिलं हे?” नणंदेनं वहिनीकडं पाहत विचारलं.

मैत्रीण माझं नाव घेऊ शकत होती. तिनं घेतलं नाही, मान खाली घालून बसली. आणि मी? मला आधी आठवली ती परतीची जीप. हे लिहितानाही लाज वाटते, पण त्या क्षणी मला पळून जायचं होतं. कुठूनतरी आवाज निघाला, “मी लिहिलंय.” तो माझाच होता.

नणंदेनं माझ्याकडं एकदा पाहिलं, पुन्हा पानाकडं पाहिलं, आणि तिचा आवाज एकदम उतरला. “खाली अजून हाय. हे तर आईचं अक्षर हाय.”

“वाच,” सासरे म्हणाले.

“मी बी सुनेला असंच बोलले व्हते. ती मोरीत जाऊन रडली. नळ सोडला व्हता तरी मला ऐकू आलं. चुकलंच माझं.”

मैत्रिणीनं तोंडावर पदर दाबला. लग्न झाल्यापासून नऊ वर्षं ती ज्या एका शब्दाची वाट बघत होती, तो माझ्या टिंगलीखाली पेन्सिलीनं लिहिलेला होता. “वहिनी, हे खरं का?” नणंदेनं विचारलं. तिनं नुसती मान हलवली. नणंद पुस्तक घेऊन उठली आणि खांबापाशी तिच्याशेजारी जाऊन बसली.

ज्या बाईची मी रोज बसमध्ये खिल्ली उडवली, ती बाई माझं पुस्तक वाचत होती. माझी पेन्सिल वाचत होती. वाचून उत्तर देत होती.

“म्हंजे त्या पेन्सिलवाल्या बाई तुम्हीच का?” सासऱ्यांनी मला विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळं मी जास्तच दचकले. “ती रोज दुपारी फोनवर सांगायची. आज पोथीत सासूनं हे केलं, आज ते केलं. अन् लई हसायची. मी म्हणायचो, असली कोणत्या देवाची पोथी हाय गं, निस्ती सासूच सासू! तर म्हणायची, एक पेन्सिलवाली बाई हाय, ती मधीमधी बोलती माझ्याशी.”

माझ्याशी, म्हणायची.

नणंदेला दोरा सापडला होता. तिथलं तिनं वाचलं. वरती माझं अक्षर, “ही बाई मरेपर्यंत बदलणार नाही. लाव पैज!” त्याखाली वाकड्या होत गेलेल्या ओळींत सासूबाईंचं, “लावली. पण आता अक्षर दिसंना. शेवट काय व्हतो ते सांगायला या, बाई. च्या करते.”

तिनं केलेला चहा मी चारदा प्यायले होते. चारही वेळा सुनेच्या खोलीत बसून, दार लोटून, तिच्याचबद्दल कुजबुजत. बसच्या ड्रायव्हरलाही मी एकदा पुस्तक सुचवलंय. त्या बाईला मात्र ‘तुम्ही वाचता का’ एवढं कधी विचारलं नाही.

“मग सांगा की,” सासरे म्हणाले, “काय व्हतो शेवट?”

आणि मला शेवट माहीत नव्हता. मीही तिथंच थांबले होते. पुस्तक मैत्रिणीला लवकर द्यायच्या घाईत अर्ध्यावर सोडलं होतं, त्या पानापुढं माझी एकही खूण नव्हती. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्या भरल्या ओसरीत सांगितलं. एक म्हातारी फस्सकन हसली.

“मग बसा अन् वाचा,” सासरे म्हणाले. “पैज तुमचीच हाय.”

मी वाचायला लागले. मग मांडवातली माणसं पायरीपर्यंत सरकली, बायका मधेच हसल्या, सासरेही एकदा हसले आणि हसून झाल्यावर बराच वेळ उपरण्यानं डोळे पुसत राहिले. उन्हं कलली तेव्हा शेवटचं प्रकरण आलं. त्यात ती सासू एका संध्याकाळी काही न बोलता सुनेचं ताट वाढते, समोर बसते, आणि ती जेवेपर्यंत उठत नाही. पुस्तक तिथं संपतं.

“म्हंजे आमची जिकली,” सासरे म्हणाले.

“जिंकल्या,” मी म्हणाले. पर्समधून पेन्सिल काढली, दोऱ्याचं पान उघडलं आणि तिच्या वाकड्या ओळींखाली लिहिलं, “हरले.” आणखी काही लिहायला हात धजावला नाही.

खरी पोथी पुढं मुकुंदवाडीच्या घरात सापडली, गाद्यांच्या मागं, फडक्याशिवाय. फडकं मात्र पुस्तकापाशीच राहिलं. त्या संध्याकाळी नणंदेनं माझं पुस्तक त्यात पुन्हा बांधलं, कपाळाला लावलं आणि देवापाशी ठेवलं, आणि मैत्रीण उठून चहा टाकायला आत गेली.