एक वाजता फिरणारी डिस्क

अंगारे-धुपारे, उतारे... असल्या गोष्टींना मी कधी दारात उभं केलं नाही. सासूबाई दुकानाला लिंबू-मिरची बांधायच्या, तेव्हा मी म्हणायचे, "लिंबू राहू द्या, दुपारी सरबताला होईल." हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळी ठरवणार नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर. आदिलाबादला लागून असलेल्या मावला गावात माझं टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं दुकान होतं – मराठी, तेलुगू दोन्ही. आमचे 'हे' एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायचे. रोज बरोबर एक वाजता सर्व्हरच्या खोलीतून फोन यायचा. प्रश्न एकच – "जेवली का वं?" आणि मागे मशीनची घूंऽऽ अशी घरघर. त्या घरघरीशिवाय त्यांचा आवाज मला आठवतच नाही.

शेवटच्या दिवशीही फोन आला होता. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, पत्रिकेच्या रंगावरून वाद चाललेला. "थांबा ना, मंग बोलते," म्हणून मी फोन ठेवला. संध्याकाळी ऑफिसातच त्यांच्या छातीत कळ आली... आणि गेले. त्या दिवशीचं उत्तर माझ्याकडेच राहिलं.

वर्षभराने ऑफिसात नवा सर्व्हर आला. जुन्यातली एक हार्ड डिस्क, आतली सगळी माहिती पुसलेली, माझा दीर सुधाकर मागून घेऊन आला. तो टीव्ही दुरुस्त करायचा. डिस्क विटेएवढी जड होती, आणि वर कुंकवाचा डाग! दर दसऱ्याला हे सर्व्हर उघडून थेट डिस्कलाच कुंकू लावायचे, नांगराला लावावं तसं. वॉरंटी जाईल म्हणून मी चिडवायचे. तो डाग बघून मी ढसाढसा रडले.

सुधाकरने ती एका बाहेरच्या पेटीत बसवली, वेगळा पॉवर सप्लाय देऊन. शनिवारी दुकानातल्या कंप्युटरला केबल जोडायची, आठवड्याचं काम तिच्यात उतरवायचं आणि केबल काढून ठेवायची; पेटीचा करंट तेवढा चालूच असायचा. "वयनी, सर्व्हरची डिस्क हाय," तो म्हणाला. "नुसता करंट भेटला म्हणून फिरत नाही. कंप्युटरचा हुकूम आला पाह्यजे." तशी एक पिनच लावलेली असते म्हणे, सगळ्या डिस्क एकदम सुरू होऊन लोड येऊ नये म्हणून.

मंगळवारी दुपारी पेटी घरघरली. केबल कपाटात होती. घड्याळात एक वाजला होता.

बुधवारी पुन्हा. भीमपूरचे एक पाटील पत्रिकेचा मजकूर सांगत बसले होते, तेही म्हणाले, "बाई, तुमची पेटी घुमून राह्यली." म्हणजे भास नव्हता. सुधाकरने येऊन पेटी उघडली. पिन जागच्या जागी. पॉवर सप्लायही बदलला. "काऊन फिरली असंल, मले तं समजून नाही राह्यलं," म्हणाला.

गुरुवारी मी एकटी होते. डबा समोर उघडा, पण अजून हात लावला नव्हता. एक वाजला आणि घूंऽऽ... तोच आवाज, फक्त प्रश्न तेवढा नव्हता. मला काय झालं कुणास ठाऊक, पेटीवर हात ठेवून म्हटलं, "जेवली हो मी. तुमी जेवले का?"

घरघर हळूहळू उतरत गेली आणि थांबली.

शुक्रवारी मी साडेबारापासून पेटीसमोर बसून होते. काही नाही. त्यानंतर कधीच नाही. शनिवारी केबल लावली की मात्र निमूट फिरायची. सुधाकर अजून म्हणतो, पिनचा कॉन्टॅक्ट ढिला असेल. असेल बापा... माझ्याकडे तरी दुसरं कोणतं कारण आहे?

पण एक चुटपुट जात नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले होते, डबा भरलेलाच होता. "नाही जेवली" म्हणाले असते, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं असतं ना त्यांनी?

आता दुपारी एकच्या सुमारास कुणीही विचारलं, जेवलीस का, तर मी नाही म्हणते.