मोडक्या खुर्च्यांचा दवाखाना

मोठ्या हॉस्पिटलातली पंख्याखालची नोकरी सोडून बाईंनी वस्तीत मानसोपचाराची खोली उघडली, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आधी हिलाच दाखवा कुणाला तरी."

खोली उघडली, पण उंबरा कुणी ओलांडेना. समोर चहाची टपरी. आत पाऊल टाकलं की संध्याकाळपर्यंत कपाळावर 'वेडा' असा शिक्का. शिक्का मारणारे स्वतः साध्या शिंकेला डॉक्टर गाठणारे, ते सोडा. बाई रोज समोरच्या रिकाम्या खुर्चीला धीर देत बसायच्या.

शेवटी सुतारकाम करणाऱ्या धाकट्या दिराला दया आली. "वहिनी, माझ्या कारखान्यामागची खोली घ्या. करवत चालू असली की देवालाही ऐकू जात नाही. आणि माणसाच्या हातात मोडकी खुर्ची असली, की कशाला आलास म्हणून कोण विचारतंय?"

युक्ती अशी लागू पडली की वस्तीतल्या मोडक्या खुर्च्या संपल्या. मग लोक धडधाकट खुर्च्या मोडून आणू लागले. दीर कुरकुरला, "दुःख मोठं असेल हो, पण स्टूल कोरं होतं."

अडचण एकच. करवतीपुढे दुःख ओरडून सांगावं लागे. बाईंचा घसा बसला, पण काम उभं राहिलं.

एका दुपारी हमालांचा मुकादम आला. त्याला सगळे वाघ म्हणत. काखेत टेबलाचा पाय. समोर बसला आणि छाती भरून ओरडला, "बायको गेल्यापासून घरात एकट्याला भीती वाटते." आणि 'बायको' या शब्दालाच वीज गेली.

करवत थांबली. बाहेरच्या रांगेनं पुढचं सगळं ऐकलं. बाईंना वाटलं, आता हा जाणार आणि त्याच्यामागे सगळी वस्ती.

वाघानं दार उघडलं. टेबलाचा पाय हातातच होता.

रांगेत पहिली बसलेली धुणंवाली मावशी तिपाई सावरत म्हणाली, "झालं तुझं? नसेल तर आत जाऊन पुरं कर. उद्या परत येऊन माझ्या आधी घुसशील."

मागून न्हावी म्हणाला, "मुकादम, रात्री माझ्याकडे या. मलाही झोप नसते. पत्ते खेळू."

वाघ आत वळला. बाई पुटपुटल्या, "आता हळू बोललात तरी चालेल."

"आता कशाला?" म्हणत तो त्याच आवाजात पुढचं सांगू लागला.

त्या दिवसापासून लोक रिकाम्या हातानं यायला लागले. दीर तेवढा हिरमुसला. "वहिनी, कामाला माझा विरोध नाही. पण निदान एखादं स्टूल तरी आणायला सांगा."